लेक रोज कुंडी उकरून बघते, मुलांसोबत गॅलरीत काय लावू?

मातीचा_वास
नमस्कार मंडळी, आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरी पूर्वेकडे, सकाळचं ऊन 4 तास तरी येतं. मुलगी 7 वर्षांची, मुलगा 4 चा. मे महिन्याच्या सुट्टीत दोघांना घेऊन एका कुंडीत धने आणि एकीत मेथी पेरली. धने आलेच नाहीत. लेक उठली की आधी गॅलरीत, बोटाने माती उकरून आलं का काही ते बघायची, धाकटा दिवसातून तीन-तीनदा तांब्याने पाणी ओतायचा. मेथी मस्त उगवली होती, दोन-दोन पानं आली आणि एका रात्रीत सगळी आडवी. लेक खूप रडली हो, आई माझ्यामुळे मेली का विचारत होती, तेव्हापासून मला चुटपुट लागून राहिलीये. आता पाऊस सुरू झालाय, परत लावायचंय, पण हमखास येईल असं काहीतरी सांगा. आणि सारखं नको उकरू नको ओतू करत मागे लागायचं नाहीये मला.

वाळवा_तालुका
ताई, आधी लेकीला सांगा तुझ्यामुळं नाही मेली. दाट पेरलं आणि पाणी साचलं की कोवळ्या रोपाला मातीलगत बुरशी लागते, तिथं देठ बारीक पडतो आणि रोप कोलमडतं. आमच्या वाफ्यातपण होतं. कुंडीला भोकं आहेत का बघा, खालच्या ताटलीत पाणी ठेवू नका, विरळ पेरा. धने अख्खे टाकले होते का? एका धन्यात दोन बिया असतात, लाटण्यानं हलकं रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायच्या, तरी 8-10 दिवस जातात, पोरांना तेवढा दम कुठला. मेथी 3-4 दिवसांत वर येते, परत तीच लावा. आणि लेकीचं बोट कामाला लावा की, रोज बोट एक पेरभर खुपसून बघायचं, ओली माती चिकटली तर आज पाणी नाही. हे तिनं धाकट्याला सांगायचं. त्याला तांब्याऐवजी झाकणाला दाभणानं भोकं पाडलेली बाटली द्या.

ठाण्याची_गच्ची
उकरणाऱ्या मुलांसाठी काचेचा ग्लास बेस्ट!! आत ओला कापूस भरायचा आणि काच आणि कापसाच्या मध्ये पावट्याचे 3-4 दाणे अडकवायचे, सगळं दिसतं मग उकरायचं कशाला. आधी साल सुरकुतते, मग फाटते, मग पांढरं मूळ बाहेर येतं. मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की ग्लास आडवा ठेवा, एक-दोन दिवसांत टोक परत खाली वळतं. माझ्या मुलाने तीनदा ग्लास फिरवला आणि मूळ चक्क जिन्यासारखं झालं, मग त्याला कळेना की मुळाला खाली कुठे ते कसं समजतं, आम्ही दोघं रात्री साडेदहापर्यंत त्यावरच बोलत बसलो होतो.

बाकी घरात 4 वर्षांचं मूल आहे तर कण्हेर आणि डिफेनबेकिया (ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं शोभेचं झाड) ठेवू नका प्लीज, तोंडात गेलं तर विषारी असतात.

पानोपानी
कढीपत्त्याचं रोप आणा नर्सरीतून. पावसाळ्यात त्यावर फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहान असताना हुबेहूब पक्ष्याची शिट वाटते, नंतर हिरवीगार होते, आणि हलकंच डिवचलं की डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते, उग्र वास येतो त्यांना. मुलं किंचाळतात आणि परत डिवचायला जातात (एकदाच करू द्या, बिचारीला त्रास होतो). नीलवंत, 2015 पासून आपल्या राज्याचं फुलपाखरू, तेही कढीपत्त्यासारख्या लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं.

वाळवा_तालुका
अळ्या कोवळा पाला फस्त करतात पण, फोडणीला काय घालायचं?

पानोपानी
काका, दोन रोपं लावायची. एक फोडणीचं, एक अळ्यांचं. फोडणीच्या झाडावरची अळी उचलून दुसऱ्यावर ठेवायची, पण औषध कुठल्याच झाडावर मारायचं नाही.

मातीचा_वास
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीला बुरशीचं सांगितलं, तिने दोनदा विचारलं नक्की ना म्हणून, मग स्वतःच जाऊन कुंडीची भोकं बघून आली, दोन बुजलेली होती. पावटे भिजत घातलेत, धाकट्याने ग्लासवर कागद चिकटवून त्यावर स्वतःचं चित्र काढलंय. कढीपत्त्याची दोन रोपं रविवारी आणते, 10 इंची कुंडी पुरेल का?