वाघ आमचा, जंगल आमचं. मग तेरा देशांच्या बैठकांनी काय होतं?

सिंदेवाहीकर

नमस्कार मंडळी. मी सिंदेवाही तालुक्यातला, जिल्हा चंद्रपूर. माझा धाकटा भाऊ वनविभागात हंगामी मजूर आहे, वनरक्षकासोबत बीटवर, म्हणजे त्याच्या वाट्याच्या जंगलभागात, पायी फिरतो. 2025 च्या मे महिन्यात आमच्या तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तरी दुसऱ्या हंगामात लोक पुन्हा जंगलात जातात, कारण पत्ता तोडल्याशिवाय पावसाळ्याचा खर्च निघत नाही.

मध्यंतरी वाचलं की 2010 साली रशियात सेंट पीटर्सबर्गला तेरा देशांची सरकारं जमली आणि 2022 पर्यंत जंगलातले वाघ दुप्पट करायचं ठरलं. 2023 ला म्हैसूरला आणखी एक आंतरराष्ट्रीय आघाडी जाहीर झाली. वाघ राखतो माझा भाऊ, हातात काठी घेऊन. मग तिकडे सह्या झाल्याने इथे काय बदलतं? भांडायला आलो नाही. कुणी हे काम जवळून पाहिलं असेल तर खरं काय ते सांगा.

अपर्णा_गेरवा

दादा, त्या तीन घरांची बातमी मीही वाचली होती. तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी मूळची वर्ध्याची. काही वर्षं उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात कतर्नियाघाटच्या जंगलात कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कामावर होते. तिथून नेपाळची हद्द अगदी जवळ. गेरवा नदी नेपाळातून येते, तिच्या वरच्या अंगाला त्यांचं बर्दिया राष्ट्रीय उद्यान, खाली आपलं कतर्नियाघाट आणि मधे खाता नावाचा अरुंद जंगलपट्टा. या पट्ट्यातली बरीचशी झाडी तिथल्या गावांनी सामुदायिक वन म्हणून राखून पुन्हा वाढवलेली आहे. वाघ त्यातून ये-जा करतो. आज आपल्याकडे सांबर मारेल, परवा नेपाळात पाणी पिईल.

माझं मत असं: जिथे दोन देशांचा वाघ एकच आहे तिथे सरकारांच्या सहकार्याने खरंच फरक पडला. जिथे वाघ एका देशात आणि त्याच्या हाडा-कातड्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या देशात, तिथे काम अजून अर्धंही झालेलं नाही. तुमचा चांदा, म्हणजे चंद्रपूर, या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

पहिल्याबद्दल आधी सांगते. बर्दियात 2009 साली 18 वाघ होते. 2022 च्या गणनेत 125. संपूर्ण नेपाळात त्याच काळात 121 वरून 355. त्यांच्या उद्यानांत पहाऱ्याला सैन्य असतं, गावांची शिकारविरोधी पथकं आहेत, आणि मुख्य म्हणजे वाघाला पलीकडे जायला वाट शिल्लक आहे. ती वाट एकट्या देशाला राखताच येत नाही. अर्धी नेपाळने राखली आणि आपण आपल्या टोकाला रस्ता-वस्ती होऊ दिली, तर राखलेल्या अर्ध्याचा काय उपयोग?

2012-13 च्या सुमारास दोन्ही देशांनी तराईत, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यात, एकाच पद्धतीने कॅमेरे लावले आणि फोटो एकत्र बसून ताडले. 239 वेगवेगळे प्रौढ वाघ निघाले. त्यातले काही दोन्ही देशांच्या कॅमेऱ्यांत होते. वेगवेगळं मोजलं असतं तर तेच वाघ दोन्हीकडच्या आकड्यांत धरले गेले असते आणि दोन्ही सरकारांना आपलं बरं चाललंय असं वाटलं असतं.

सहीचा उपयोग मला कधी कळला तेही सांगते. आमच्या कॅमेऱ्यात एक वाघीण आली, पुढच्या पायात तारेचा फास रुतलेला. चालण्याची दिशा नदीच्या वरच्या अंगाला. आमच्या रेंजर साहेबांनी त्याच रात्री फोटो पलीकडच्या अधिकाऱ्याला पाठवला. रीतसर पत्र लखनऊ, दिल्ली, काठमांडू असं फिरत गेलं असतं तर तोवर जखम चिघळून ती गेली असती. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांच्या ठरलेल्या बैठका होत असल्यामुळे साहेबांकडे त्या माणसाचा नंबर होता, आणि परदेशी अधिकाऱ्याला सरकारी माहिती का दिली असं त्यांना कुणी विचारणार नव्हतं. करारामुळे खालच्या माणसाला बोलायची मुभा मिळते. मला त्याची किंमत फार वाटते, कारण गस्त खालचाच माणूस घालतो.

आता तेरा देशांबद्दल. सही करणाऱ्यांत कंबोडियाही होता. तिथे वाघाचा शेवटचा फोटो मिळाला 2007 साली, म्हणजे सहीच्या आधीच. 2016 ला त्यांच्याकडे वाघ संपल्यात जमा असल्याचं जाहीर झालं. लाओस आणि व्हिएतनाममध्येही आता जंगलात वाघ वाढतोय असा पुरावा नाही. 2010 ला जगात 3,200 च्या आसपास वाघ धरले होते, 2023 ला 5,574. यातली काही वाढ मोजणी सुधारल्यामुळे दिसते, उरलेली मुख्यतः भारत, नेपाळ, भूतान आणि रशियाची. दुप्पट झाले नाहीत. तरी शंभर वर्षं घसरत आलेला आकडा वर वळला, हे मी कमी मानत नाही.

हनोईतला_मंदार

अपर्णाताई ज्याला गिऱ्हाईक म्हणतात ते इथे आहे. मी नोकरीसाठी हनोईत राहतो. इथे वाघाची हाडं दिवस-दिवस उकळून त्याचा घट्ट, काळपट गोळा करतात, त्याला काओ हो म्हणतात. दारूत विरघळवून सांधेदुखीवर घेतात. एका सहकाऱ्याच्या वडिलांसाठी नातेवाइकांनी वर्गणी काढून तो आणलेला मला माहीत आहे. ती माणसं वाईट नाहीत, म्हाताऱ्याचे गुडघे दुखत होते म्हणून आणला.

कायद्याने बंदी इथेही आहे. तरी 2021 च्या ऑगस्टमध्ये न्घे आन प्रांतात पोलिसांना दोन घरांत लपवून पाळलेले 17 मोठे वाघ सापडले. सोडवताना त्यांतले आठ मेले. चीन, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम मिळून बंदिस्त वाघ आठ हजारांच्या वर असल्याचा अंदाज दिला जातो, म्हणजे जगातल्या जंगली वाघांपेक्षा जास्त. कुणी म्हणेल, मग पाळलेल्यांवरच भागवू दे. तसं होत नाही. विकणारा रानातल्या वाघाचं हाड म्हणून जास्त पैसे मागतो आणि घेणारा देतो.

सिंदेवाहीकर

मंदारभाऊ, वाचून अंगावर काटा आला. भावाला वाचून दाखवलं. तो म्हणतो, आपल्याच जिल्ह्यातल्या राजुऱ्यात 2025 च्या जानेवारीत शिकारी पकडले तेव्हा तपास पार म्यानमारच्या दिशेने गेला होता. गणनेत त्याने कॅमेरे लावले आहेत, पायवाटेच्या दोन्ही बाजूंना जोडीने, कारण वाघाच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात. त्याचा प्रश्न: हे फोटो बाहेरच्या देशात कुणी पाहतं का?

अपर्णा_गेरवा

भावाने नेमक्या जागी बोट ठेवलं. 2023 च्या जूनअखेर गुवाहाटीजवळ वाघाचं कातडं आणि हाडं पकडली, आणि धागा निघाला गडचिरोलीपर्यंत. आसाम आणि महाराष्ट्र एका देशात आहेत म्हणून काही आठवड्यांत अटका झाल्या. तोच माल सीमा ओलांडून गेला असता तर?

कातडं कुठेही पकडलं तरी त्याचे पट्टे कॅमेऱ्यातल्या फोटोंशी जुळवता येतात, आणि वाघ कुठल्या जंगलातला ते कळतं. त्यासाठी पकडणाऱ्या देशाने कातड्याचे स्पष्ट फोटो लगेच पाठवायला हवेत. माझ्या मते सरकारांनी एकमेकांकडून पहिली मागणी हीच करावी. वाघ दुप्पट करण्याच्या घोषणेपेक्षा हे लहान काम आहे, पण त्याने खटला उभा राहतो. दुसरी मागणी बंदिस्त वाघांच्या अवयवांचा व्यापार बंद करण्याची. 2007 ला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, हेग परिषदेत ठराव झाला की व्यापारासाठी वाघांची पैदास करू नये. त्याला किती वर्षं झाली बघा, आणि मंदारने आठ हजारांचा आकडा दिला.

दबाव मात्र लागू पडतो. चीनने 1993 ला वाघाच्या हाडांचा व्यापार बंद केला. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये ती बंदी सैल करायचं जाहीर केलं, जगभर ओरड झाली आणि नोव्हेंबरमध्ये अंमलबजावणी पुढे ढकलली. सरकारांच्या बाहेरचंही एक उदाहरण आहे. तिबेटी लोकांच्या उत्सवी पोशाखाला वाघाच्या कातड्याची किनार असायची. 2006 च्या जानेवारीत आंध्रातल्या अमरावतीला कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी ती सोडायला सांगितलं, आणि तिबेटात लोकांनी घरातली कातडी बाहेर आणून जाळली.

म्यानमारचं उत्तर कठीण आहे. तेरा देशांत तोही आहे, पण 2021 च्या लष्करी उठावानंतर तिथे युद्ध पेटलंय आणि सीमेचा बराच भाग सरकारच्या ताब्यात नाही. म्हणजे करार करायलाही समोर कुणी नाही. म्हणून तिकडे जाणारा माल इथेच, जंगल सोडायच्या आत अडवावा लागतो. भावाला सांगा, जमिनीत पुरलेला लोखंडी सापळा किंवा तारेचा फास दिसला तर जागेचा फोटो काढून आधी वनरक्षकाला कळवायचं, हात लावायचा नाही. गावकऱ्यांसाठी वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे. मात्र गावाबाहेर पाल टाकलेल्या प्रत्येक भटक्या कुटुंबावर संशय घेऊ नका, त्यातली बहुतेक माणसं पोटासाठी फिरतात. पाळत ठेवायची ती सापळ्यावर आणि हाडांच्या व्यापाऱ्यावर.

सिंदेवाहीकर

सांगतो त्याला. त्याच्या बीटवर मागच्या हिवाळ्यात एक तारेचा फास निघाला होता, तो कापून फेकून दिला गेला. पुढच्या वेळी पंचनामा करून घ्यायला सांगतो. मंदारभाऊ, त्या काओ होच्या डबीवर काही छापलेलं असतं का?

हनोईतला_मंदार

डबी नसते. कागदात गुंडाळलेला तुकडा ओळखीतून हातोहात येतो.