अंडरमाउंट सिंकचं वजन नक्की कोण पेलणार? मदत हवी आहे

मंडळी, स्वयंपाकघराचं काम काढलंय. कडप्प्याचा जुना ओटा फोडून झाला, खालच्या पेट्या पुढच्या आठवड्यात बसतील आणि मी सिंकवर अडलोय.

सिंक क्वार्ट्झचं, अंडरमाउंट म्हणजे ओट्याच्या दगडाला खालून बसवायचं, आतून २८ बाय १६ बाय ९ इंच. घरच्या काट्यावर रिकामंच १९ किलो भरलं. काठोकाठ भरलं तर ६६ लिटर पाणी, म्हणजे झाले ८५ किलो. एवढं भरतं कोण म्हणाल, तर आमच्याकडे महिन्यातून एकदा चिमणीच्या जाळ्या सोड्याच्या पाण्यात भिजत पडतात, वर कुकर आणि पराती. मी १०० किलो धरून चाललोय.

ग्रॅनाइटवाला म्हणतो, "साहेब, खालून सिलिकॉन आणि अ‍ॅराल्डाइट मारतो, हत्ती बसला तरी हलणार नाही." सुताराचं म्हणणं, पेटीच्या बाजूंना आतून पट्ट्या स्क्रूने मारू, सिंकची कड त्यावर टेकेल. प्लंबर नुसता हसला.

शेजारच्यांचं सिंक असंच चिकटवलेलं होतं. दोन वर्षांत कड तीनेक मिलिमीटर सुटली. फटीत बोट फिरवलं की काळा बुळबुळीत थर हाताला लागतो, आणि खालचं प्लायवूड पापडासारखं फुगलंय. म्हणून धास्ती.

पेटी ३६ इंची, १८ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्लायची. सिंक बाहेरून ३० इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना सव्वादोन इंच जागा उरते. तेवढ्यात पट्टी पुरेल की लोखंडी चौकटच करावी? आणि उद्या सिंक बदलायचं झालं तर?

प्रतिसाद १
सुताराची पट्टी चालेल, पण वजन स्क्रूवर सोडू नका. पट्टीखाली उभे तुकडे द्या, थेट पेटीच्या तळापर्यंत, आणि बरोबर त्याच्या खाली पेटीचा पाय येऊ द्या. वजन जमिनीत गेलं पाहिजे. पुढे-मागे एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड मारून. सिलिकॉन पाणी अडवायला असतं, वजन पेलायला नाही. प्लायच्या कापलेल्या कडाही सील करून घ्या, फुगायला तिथूनच सुरुवात होते.

प्रतिसाद २
पाइप वेल्डिंग करून नका घेऊ, नटबोल्टने जोडा. वर ग्रॅनाइट बसलं की सिंक खालूनच काढावं लागतं. बाकी, सांडपाण्याच्या पाइपाची उंची पाहिलीत का? ओटा ३४ इंच धरला तर तुमच्या सिंकचा तळ जमिनीपासून २४ इंचांवर येतो. त्याखाली कपलिंग (सिंकच्या भोकाची जाळी-जोडणी), मग बॉटल ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारी बाटली). भिंतीतलं तोंड जुन्या उथळ सिंकच्या हिशेबाने ठेवलेलं असेल तर पाणी चढणार कसं?

धागाकर्ता
दोघांचेही आभार. चौकट नटबोल्टचीच करतो. आत्ता टेप लावून आलो, तोंड २१ इंचांवर आहे, म्हणजे कपलिंग आणि ट्रॅपला तीनच इंच. प्लंबर का हसला ते कळलं. उद्या सकाळी टाइल फोडायला येतोय.