ट्रॅक द्या, पण दोन गोष्टी कापून द्या

एकाने विचारलंय की सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या सायकलफेरीचा स्क्रीनशॉट टाकलाय, मग जीपीएक्स फाईल वेगळी कशाला? स्क्रीनशॉट बघायला छान, पण त्यावरून दुसऱ्याला वाट धरता येत नाही. जीपीएक्स ही फिरलेल्या वाटेची, म्हणजे ट्रॅकची, नोंद असलेली साधी मजकुराची फाईल आहे. नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक बिंदूचे अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ ओळीने दिसतील. वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, म्हणून सकाळी ६ ला निघालात तर तिथे ००:३० दिसेल; घाबरू नका. हीच फाईल ऑसमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उघडली, नकाशा आधी उतरवून ठेवला, की रेंज नसली तरी काम भागतं.

मात्र फाईल टाकण्याआधी टोकं छाटा. मी एकदा तशीच ग्रुपवर टाकली होती. झूम केल्यावर रेघ थेट आमच्या फाटकातून निघालेली दिसली, शेजारी वेळही! तेव्हापासून दोन्हीकडचा अर्धा किलोमीटर काढूनच देतो.

आणि नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या बाजूला फिरणाऱ्यांना कळकळीची विनंती. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालते. तिथे माणसांची वर्दळ वाढली की संपलंच. वेपॉइंट, म्हणजे आपण नकाशावर केलेल्या खुणा, ट्रॅकसोबत त्याच फाईलमध्ये जातात, हे आपल्या लक्षातच येत नाही. घरटं, लांडग्याचं बीळ, असं काही खूण करून ठेवलं असेल तर ते आधी पुसा, मगच फाईल पाठवा.