मदत हवी आहे: व्हॅक्यूम गेजचा काटा लयीत झटके घेतोय

नमस्कार मंडळी. वडिलांची जुनी कार्बोरेटरवाली पेट्रोल गाडी आयडलला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) थरथरते. इनटेक मॅनिफोल्डला (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीला) व्हॅक्यूम गेज लावला तर काटा १७ इंचांवर (पाऱ्याच्या) असतो, पण ठरावीक लयीत ३-४ इंच खाली झटका घेतो. पुण्याच्या उंचीमुळे दीड-दोन इंच कमीच दिसणार, म्हणून १७ ठीक धरलंय. हातपंपाने डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) डायफ्रामला व्हॅक्यूम दिला, तो टिकतो, म्हणजे तिथे गळती नाही. मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा ओढत असती, तर बहुतेक काटा स्थिर पण खाली राहिला असता. त्यामुळे माझा संशय एखाद्या व्हॉल्व्हवर आहे. गॅरेजवाले थेट हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवायला सांगतात, आणि मला ते उगाच उघडायचं नाही. आधी टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट जुळवणं) आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजणं) करू ना? जळालेला व्हॉल्व्ह आणि एका प्लगचं मिसिंग (ठिणगी चुकणं), नुसत्या काट्यावरून वेगळं कसं ओळखायचं?