पहिल्यांदा मानसोपचार घेताना: आधी कोणाकडे जायचं, फरक कधी पडतो?

निरभ्र
घरातल्या एकाची झोप रोज पहाटे चारला उडते. जेवण कमी झालंय, आवडीच्या गोष्टींत रस नाही, कामात साध्या चुका होतात. महिना उलटून गेला. विचारलं की "मला काही झालेलं नाही". सायकियाट्रिस्टकडे आधी न्यायचं की सायकॉलॉजिस्टकडे? पहिल्या भेटीत काय विचारतात? गोळ्या दिल्याच तर किती दिवसांत गुण येतो, आणि त्या कायमच्या मागे लागतात का? "सकारात्मक राहा" छापाचे सल्ले कृपया नकोत.

तळटीप
झोप, भूक आणि काम तिन्ही बिघडलंय आणि दोन आठवड्यांच्या वर गेलंय, म्हणजे आधी सायकियाट्रिस्ट. तो वैद्यकीय डॉक्टर असतो, त्यामुळे निदान, तपासण्या आणि औषध एकाच ठिकाणी होतं. सायकॉलॉजिस्ट थेरपी देतो, ती नंतर जोडता येते. तेही जड वाटत असेल तर फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा. थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी झालं तरी थकवा आणि उदासी येते, म्हणून या रक्ततपासण्या बहुधा सांगितल्याच जातात.

जाण्याआधी पीएचक्यू-९ ही नैराश्य किती आहे ते मोजणारी प्रश्नावली त्यांना स्वतःला भरू द्या. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त आले तर डॉक्टर गाठायचाच. २० किंवा जास्त म्हणजे तीव्र. हे निदान नव्हे, पण पुढच्या भेटींत फरक मोजायला हाच आकडा उपयोगी पडतो. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर बेरीज कितीही कमी असो, भेट लांबवू नका.

सोबत एका कागदावर: त्रास कधीपासून, झोपेच्या वेळा, सध्याची सगळी औषधं (स्टेरॉइड असतील तर ठळक), दारू-तंबाखूचं खरं प्रमाण, रक्ताच्या नात्यात कोणाला असा आजार. आणखी एक गोष्ट लोक सांगायला विसरतात. पूर्वी कधी चार-पाच दिवस जेमतेम झोपूनही प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, अखंड बडबड असं झालं होतं का? तसं असेल तर आजार बायपोलर (कधी उदासी, कधी अतिउत्साह असा आलटून-पालटून येणारा) असू शकतो आणि नुसत्या नैराश्याच्या गोळीने तो उलट उसळू शकतो.

त्यांना तयार करताना "तुझ्या मनाचं काहीतरी बिघडलंय" असं म्हणू नका. "महिनाभर तुला धड झोप नाही, ती दाखवून येऊ" हे बहुतेकांना पटतं, आणि खोटंही नाही.

अर्धविराम
गोळ्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण उपचार अर्धवट सुटतात ते इथेच.

साधारणपणे आधी एसएसआरआय या नैराश्यावरच्या गोळ्यांच्या गटातलं औषध देतात (एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन वगैरे), तेही कमी डोसपासून. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, पातळ शौच, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता होऊ शकते. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर! हा क्रम कोणी सांगितलेला नसला की माणूस दहाव्या दिवशी "हे मला सोसत नाही" म्हणून गोळी सोडतो. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते, आणि ती सहसा ओसरते. पुरेशा डोसवर चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय औषध निकामी ठरवू नये.

बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवतात, आजार उलटलेला असेल तर जास्त. मग टप्प्याटप्प्याने कमी करतात. एकदम बंद केली तर गरगरणं, चिडचिड, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं. यावरूनच "सवय लागली" अशी समजूत होते, पण इथे तलफ येत नाही की डोस वाढवत न्यावा लागत नाही. सवय लागते ती झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांची: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम. सुरुवातीला सोबत दिल्या असतील तर "या कधी थांबवायच्या?" हे त्याच दिवशी विचारून घ्या. त्या शक्यतो दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असाव्यात. दारूबरोबर तर अजिबात नाही, श्वास मंदावतो. आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं एसएसआरआयसोबत घेतल्यास रक्तस्रावाची शक्यता वाढते, तेव्हा मनाने घेऊ नका.

निरभ्र
आभार, बरंच स्पष्ट झालं. एक लिहायचं राहिलं. "मी नसलो तर बरं होईल" असं ते एकदा बोलून गेले. विषय काढला तर उलट डोक्यात भरवल्यासारखं होईल का?

तळटीप
नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही. सरळ शब्दांत विचारा: "जीव द्यावासा वाटतो का? कसा, ते ठरवलंय का?" नुसता विचार आणि ठरलेली पद्धत यांत मोठा फरक आहे. पद्धत, साधन किंवा दिवस ठरला असेल तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. तसं नसेल तरी या आठवड्यातली भेट घ्या आणि हे वाक्य डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. घरातली कीटकनाशकं आणि जास्तीच्या गोळ्या आजच बाहेर किंवा कुलपात. औषध एका वेळी आठवड्याचंच आणा.

अर्धविराम
याला जोडून: पहिल्या काही आठवड्यांत लक्ष जास्त ठेवा, विशेषतः वय २५ च्या आत असेल तर. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, औषधाच्या माहितीपत्रकातही तसा इशारा असतो. अस्वस्थता एकाएकी वाढली, झोप पूर्ण उडाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.

काठपदर
थेरपीचं राहिलंच. सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणारी थेरपी) असेल तर आठवड्याला एक, ४५ ते ५० मिनिटांचं सेशन, साधारण १२ ते १६ सेशन. गृहपाठ असतो; तो न करता नुसतं जाऊन बोलून आलं तर फारसा उपयोग होत नाही. नैराश्यात तो बहुधा छोट्या कृतींपासून सुरू होतो: ठरल्या वेळी अंथरूण सोडणं, दहा मिनिटं चालणं, मग मूडला गुण देणं. इच्छा होण्याची वाट बघायची नाही, कारण या आजारात इच्छा कृतीच्या मागून येते. तीन-चार सेशननंतरही उद्दिष्ट काय ते ठरलं नसेल, किंवा थेरपिस्ट उपदेशच करत असेल, तर खुशाल बदला. आणि हो, भेटीत डॉक्टरांशी त्यांना थोडा वेळ एकट्याने बोलू द्या, घरचे समोर असले की नवव्या प्रश्नाचं उत्तर हमखास "शून्य" येतं.