जेवणासकट रूम घ्यायची की नुसती? आपापले अनुभव सांगा

सातवी गल्ली

मे महिन्यात मनालीला निघालोय. सातजण. मी, नवरा, पोरगा (11), पोरगी (4), सासू-सासरे आणि नणंदेची लेक. विमान ठरलं, गाडी ठरली आणि हॉटेलपाशी येऊन घोडं अडलं. तिथला माणूस फोनवर विचारतो, "मॅडमजी, सीपी दूं या एमएपी?" मला वाटलं विमा विकतोय.

मग चौकशी केल्यावर कळलं ते असं. ईपी म्हणजे नुसती खोली. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाष्टा. एमएपी म्हणजे नाष्टा आणि एक जेवण, बहुतेक ठिकाणी रात्रीचं. एपी म्हणजे तिन्ही वेळचं.

नाष्टा भाड्यातच आहे, त्याचा प्रश्न नाही. रात्रीच्या जेवणाचे मोठ्या माणसाला 650, पोराला 450, चार वर्षांची फुकट. म्हणजे रात्रीला 3,700 आणि पाच रात्रींचे 18,500. आमच्याकडे एवढ्यात वर्षभर दर रविवारी अर्धा किलो मटण येतं, हे मी सहज बोलून गेले आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. सासरे म्हणतात, आधी भरून टाका, रोज मेनूकार्डावरचे आकडे बघून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. नवरा म्हणतो, फिरायला चाललोय की मेसला?

ज्यांनी पैसे भरून खाल्लंय आणि ज्यांनी न भरता खाल्लंय, दोघांनीही लिहा. हिशेबासकट लिहिलंत तर उपकार.

उद्यमनगर

गेल्या मेमध्ये मनालीलाच होतो, एमएपी घेऊन. रात्रीचं जेवण साडेसात ते दहा. पहिले दोन दिवस झकास. तिसऱ्या दिवशी अटल टनेलमधून पलीकडे सिस्सूला गेलो. बोगदा नऊ किलोमीटरचा, सुळ्ळकन पार. पण संध्याकाळी परतताना सगळा भारत आमच्या पुढं उभा. दोन-अडीच तास गाडी मुंगीच्या पावलानं. पोरं भुकेनं रडायला लागली म्हणून वाटेत ढाब्यावर राजमा-चावल खाल्ला आणि सव्वादहाला हॉटेलवर पोचलो, तर पोरगा भांडी उचलत होता. म्हणजे त्या रात्रीचं जेवण दोनदा विकत घेतलं, खाल्लं एकदाच.

दुसरं म्हणजे मेनू. आम्ही तांबड्या-पांढऱ्याच्या गावचे, पण तिथं पनीर पहिल्या रात्री तांबड्यात, दुसऱ्या रात्री पांढऱ्यात, चौथ्या रात्री हिरव्यात. पाचव्या रात्री बायको म्हणाली, आज मी नुसतं ताक पिते. ताक मेनूत नव्हतं, त्याचे वेगळे पैसे.

कात्यायनीची वाट

मी उलटं सांगते. वडील 76 वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. हॉटेल चढावर होतं, बाजार खाली. रात्री आठला बाहेर हुडहुडी भरेल अशी थंडी. ह्या माणसाला जेवायला खाली न्यायचं आणि परत वर चढवायचं, हे पाच रात्री केलं असतं तर आमचीच भांडणं झाली असती. लिफ्टनं खाली उतरले, गरम सूप प्यायले, दोन फुलके खाल्ले, वर जाऊन झोपले. किती वाया गेलं ते मी मोजलंच नाही.

भडंगभक्त

ताडोब्याला हा प्रश्न पडतच नाही, पडला तर समजा रिसॉर्ट गावात आहे. आम्ही महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूरला उतरून गाडी केली. पहाटे साडेचारला उठायचं, सफारी करून दहा-साडेदहाला धुळीनं माखून परत, जेवून आडवं व्हायचं, दुपारी पुन्हा गेटवर. आजूबाजूला टपरीसुद्धा नाही. तिथं एपीच घ्यावा लागतो आणि घ्यावाच.

चूक आमची वेगळी झाली. मंगळवारी कोअर (आतलं मुख्य जंगल) बंद असतो हे न बघता मुक्कामात मंगळवार घेतला. दिवसभर सफारी नाही, फक्त भरलेले पैसे वसूल करायला जेवत बसलो. पाहिला एकच वाघ, जेवणं आठ.

आणि एक विचारून घ्या, जे कुणी विचारत नाही: ड्रायव्हरचं जेवण. आमच्या पॅकेजात ते नव्हतं. आम्ही बुफेत गुलाबजाम घेतोय आणि तो बिचारा गाडीत बिस्किटं खातोय, हे दुसऱ्या दिवशी कळलं. फार लाजल्यासारखं झालं. मग रिसॉर्टच्या स्टाफबरोबर त्याची सोय लावली.

पांढरा आधी

ताई, मनालीचं मला काय माहीत न्हाई, पण मालवणचं सांगतो. आम्ही आठजण, दोन गाड्या, गगनबावड्यातनं खाली उतरलो. होमस्टेवाल्यानं फोनवर सांगितलं, "दोन वेळचं जेवण, रोज मासे, माणशी एवढे, आधी पाठवा." पाठवले. जून महिना, पाऊस मस्त, रूम सस्त्यात. आता कोकणात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असतीया, हे आम्हा घाटावरच्या शहाण्यांना कुठलं म्हाईत? आठजणांत दोन इंजिनिअर हुते.

ताटात सुरमई म्हणून जे आलं ते कापशीच्या चपलेगत. कवाचं बर्फात ठेवलेलं देवाला ठाऊक. तोडताना ताट सरकत हुतं. मालकाला विचारलं तर म्हणतो, "तुमीच मासे सांगितलात." खरं हाय. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं आणि घावणं केली, ते आजून जिभेवर हाय. पण ते तिच्या मनानं केलं, पॅकेजात नव्हतं.

त्यानंतर नोव्हेंबरात परत गेलो, त्याच घरी. पैसे आधी दिले न्हाईत. सकाळी तो बाजारातनं आला की मोरी घावली का बांगडा ते विचारायचं आणि तेवढंच सांगायचं. चार दिवसांत एकदाबी तेच ताट आलं न्हाई, आणि बिल जूनपेक्षा कमी.

इचलकरंजीची सून

उपवासाचं कुणी लिहिलं नाही? आमच्या सासूबाईंचा सोमवार, जोतिबाचा रविवार आणि सहलीत मधोमध संकष्टी. सहा दिवसांत तीन उपवास, सहाही रात्रींचे पैसे भरलेले. मी आधीच म्हटलं की यांना प्लॅनमधून वगळा, तर हॉटेलवाला म्हणे, एका खोलीत एकानं घेतला तर दुसऱ्यालाही घ्यावा लागेल, नाहीतर एकाच्या पैशात दोघं जेवून जातात.

ही सक्ती किती महागात पडते ते मला संकष्टीच्या रात्री समजलं. सासूबाईंनी बुफेतलं एक केळ आणि सॅलडमधला उकडलेला बटाटा घेतला. चंद्र बघून जेवतो म्हणाल्या, तोवर बुफे बंद. शेवटी आमच्या डब्यातलं राजगिऱ्याचं पीठ, किचनमधल्या मुलाचं मन वळवून त्याच्या तव्यावर थालीपीठ. त्याला शंभर रुपये दिले. अख्ख्या सहलीत मनापासून दिलेले तेवढेच.

निघायच्या आधी कालनिर्णय उघडा, एवढंच सांगते.

गंगावेसकर

हाउसबोटीवर काही ठरवायचंच नसतं हे एक बरं. अलेप्पीला दुपारी बाराच्या सुमारास चढलो, केळीच्या पानावर जेवण, चारला केळ्याची भजी, संध्याकाळी बोट काठाला लागली ती सकाळपर्यंत हलली नाही. उतरून कुठं जाणार? फक्त वाटेत कोळंबी घ्यायला बोट थांबवतात, ती कोळंबी पॅकेजात नसते. आमच्या पप्पांनी ती फुकट समजून दोन किलो निवडली होती.

टेंबलाईवाडी

सगळेजण ताटाचा हिशेब करताय. माझा वेगळा आहे.

मी वर्षाचे साडेतीनशे दिवस सकाळी उठल्यावर पहिला विचार करते तो "आज काय करू" हा. बुधवारी, शुक्रवारी, रविवारी मटण किंवा चिकन, एकादशीला वरीचे तांदूळ, मधले दिवस भाजी. सहलीला गेल्यावर प्लॅन नसला की तोच प्रश्न नुसता वेश बदलून येतो. "कुठं जेवायचं?" आणि तो कुणाला विचारतात? मलाच. नवरा म्हणतो, कुठंही चालेल. पोरगी म्हणते, इथं नको. सासरे म्हणतात, मला काही नको, आणि पाच मिनिटांनी, भाकरी मिळेल का? रोज संध्याकाळी अर्धा तास रस्त्यावर उभं राहून चार दारांवरचे बोर्ड वाचायचे, आणि जिथं शिरू तिथलं जेवण फसलं की ते माझ्यामुळं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आत्तींच्या नादानं स्वतःचं किचन नेणाऱ्या ग्रुपबरोबर काश्मीरला गेलो. महाराज बरोबर. गुलमर्गला बर्फ खेळून आलो तर पिठलं-भात तयार. आत्ती खूश, "मी तर घरच्यापेक्षा जास्त जेवतो हितं." पोरगी नाराज, कारण काश्मीरला जाऊन तिनं काश्मिरी एक घास खाल्ला नाही. तिचं बरोबरच आहे. पण सात दिवस मला कुणी काही विचारलं नाही. त्या सात दिवसांचा भाव कुठल्या तक्त्यात लावायचा ते सांगा.

उद्यमनगर

टेंबलाईवाडी, तुमचं वाचून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, बघ. एवढंच. मी पनीरचा हिशेब मागे घेतो.

रिटायर्ड मास्तर

थोडं लांबचं उदाहरण देतो. मुलगा अमेरिकेत असतो. 2024 च्या डिसेंबरात त्यानं आम्हा सगळ्यांना फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डला नेलं. त्यांच्या हॉटेलात उतरलं की जेवणाचा प्लॅन आधी विकत घेता येतो. कोविडमध्ये बंद केलेला तो त्याच वर्षी जानेवारीत पुन्हा सुरू झाला होता. आम्ही साधा घेतला. रात्रीमागे प्रत्येकाला काउंटरवरची दोन जेवणं आणि एक खाऊ, शिवाय अख्ख्या मुक्कामात मिळून प्रत्येकी भरून घ्यायचा एक मग. मोठ्याला रात्रीमागे 57 डॉलर, तीन ते नऊ वर्षांच्या मुलाला 24 च्या आत-बाहेर. नियम असा की खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी घ्यायचा, नाहीतर कुणीच नाही. आमची नात आदल्या महिन्यात दहा वर्षांची झाली होती. वाढदिवस दणक्यात केला, पण तिकडे ती एका महिन्यात मोठ्या माणसात गेली. पाच मोठे आणि एक नातू, रात्रीला तीनशेच्या वर डॉलर.

वही माझ्याकडे होती. सवय. त्यात जे दिसलं ते सांगतो. तिथं जेवण म्हणजे एक क्रेडिट. तुम्ही काउंटरवर महागातलं काही घ्या नाहीतर स्वस्तातलं, क्रेडिट एकच जातं. आम्ही दोघं शाकाहारी, आमचं ताट नेहमी स्वस्तातलं, म्हणून आम्ही दोघं रोज तोट्यात. मुलगा-सून मांसाहारी, ते जेमतेम बरोबरीत. नातू भरपूर फायद्यात. शिवाय खोली सोडायच्या दिवशी मध्यरात्रीला उरलेली क्रेडिटं संपतात. शेवटच्या दुपारी आमच्याकडं खाऊची नऊ शिल्लक. मग उंदराच्या तोंडाची आइस्क्रीमं आणि पुड्या घेत फिरलो. मी 71 वर्षांचा, हातात दोन आइस्क्रीमं, दोन्ही माझीच.

घरी येऊन बेरीज केली. सुटं खाल्लं असतं तर दीड-दोनशे डॉलर वाचले असते. सुनेला वही दाखवली. ती म्हणाली, "पप्पा, चार दिवसांत एकदाही तुम्ही किंमत वाचून रुपयांत सांगितली नाहीत. पोरांनी मागितलं आणि तुम्ही हो म्हणालात." वही तिनं मिटून ठेवली.

सातवी गल्ली, तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं मला पटतं.

इचलकरंजीची सून

मास्तर, 🙏. आणि दुसऱ्या आइस्क्रीमचं मधुमेहवाल्या कुणाला सांगू नका.

भडंगभक्त

एक राहिलं. चहा. बहुतेक प्लॅनमध्ये चहा फक्त नाष्ट्याला असतो. चार वाजताचा चहा आणि पाण्याच्या बाटल्या वेगळ्या लागतात. आम्ही सहाजण, दिवसाला दोन वेळा, मोठ्या हॉटेलच्या दरानं. जेवणाचं पॅकेज घेतलं या समाधानात कुणी बघत नाही, आणि शेवटच्या दिवशी बिलाची पट्टी येते.

सातवी गल्ली

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री सासऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तरांचं दोनदा वाचायला लावलं.

मग हॉटेलला फोन केला आणि कागदावर लिहून घेतलेलं एकेक विचारलं. रात्री दहानंतर आलो तर ताट झाकून ठेवाल का? "दाल-चावल रहेगा." रात्रीऐवजी दुपारचं चालेल का? आदल्या दिवशी सांगितलं तर चालेल. सासूबाईंना वगळाल का? नाही. मुलाच्या अकरा वर्षांना पुरावा लागतो का? हसला. मग म्हटलं, पाचही रात्री नकोत, पहिली आणि शेवटची अशा दोनच द्या. पहिल्या दिवशी प्रवासानं सगळे मेलेले असणार आणि शेवटच्या दिवशी बॅगा भरायच्या. "मॅडमजी, ऐसा कोई नहीं करता." दहा मिनिटांनी मेसेज आला, हो म्हणून. म्हणजे 18,500 चे 7,400.

मधल्या तीन रात्रींसाठी जागा शोधायचं काम नणंदेच्या लेकीकडं. दिवसभर मोबाईल हातात असतोच, तर उपयोग होऊ दे. रोज सहा वाजेपर्यंत तिनं एकच नाव सांगायचं, त्यावर चर्चा नाही, आणि फसलं तर माझ्याकडं बोट नाही. हे टेंबलाईवाडीमुळं. सासऱ्यांच्या हातात मेनूकार्ड द्यायचं नाही, हेही ठरलं. त्यांनी मान्य केलंय. अट एकच, कांदा-लसणाची चटणी बरोबर पाहिजे.

पांढरा आधी

ताई, चटणीची बरणी खालच्या मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवली तर विमानतळावर काढून घेत्यात. आमची अर्धा किलो गेली, आईच्या हातची.