चाकणची लाइन बंद, क्वालिटीतली १४ वर्षं हाताशी: पुढचे सहा महिने कसे आखावेत?

मोशीकर

नमस्कार मंडळी. चाकण एमआयडीसीतल्या एका ऑटो कंपोनंट कंपनीत क्वालिटीला असिस्टंट मॅनेजर आहे. ग्राहकाने एक इंजिन बंद केलं, त्या भागांची लाइन गेली आणि आमच्या विभागातली बरीच माणसं कमी करायची ठरली. एचआरचं म्हणणं, 'राजीनाम्याचा मेल टाका, रिलिव्हिंग लगेच देतो.' मेल अजून टाकलेला नाही.

सेवा १४ वर्षं ७ महिने, वय ४१. ग्रॉस ७२,०००, त्यात बेसिक ३२,०००. घराचा हप्ता २४,०००, घरखर्च साधारण २८,०००. आईला मधुमेह आहे आणि ती कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहे. काम पीपॅप (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घ्यायची फाइल), एफएमईए (काय बिघडू शकतं याचं आधीच केलेलं विश्लेषण), ग्राहकाच्या तक्रारी, सप्लायर ऑडिट असं सगळं. सीएमएमचे (भाग तिन्ही दिशांत मोजणाऱ्या यंत्राचे) रिपोर्ट वाचतो, प्रोग्रॅम करत नाही.

राजीनामा द्यावा का? ग्रॅच्युइटी आणि पीएफ काढून कर्जात भरावेत का? आणि घरचे म्हणतायत, दीड लाखाचा डेटा सायन्सचा कोर्स करून आयटीत शिरावं. जाणकारांनी स्पष्ट सांगा.

पगारपत्रक

दादा, तो मेल आज टाकू नका. आधी नेमणूकपत्र काढून नोटिशीचं कलम वाचा. कंपनी काढते तेव्हा नोटिशीचा काळ किंवा तेवढा पगार कंपनीने द्यायचा असतो. तुम्ही राजीनामा दिलात की नोटीस द्यायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि 'आम्ही ती माफ केली' म्हणून कंपनी मोकळी होते. छाटणीची भरपाई, म्हणजे दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, तुमच्या हुद्द्याला मिळणं अवघड आहे. काम देखरेखीचं आणि पगार १८,००० च्या वर असला की कायदा तुम्हाला 'कामगार' धरत नाही. तेव्हा तुमची सगळी भिस्त नेमणूकपत्रावर आणि बोलणीवर.

राजीनामाच हवा म्हणत असतील तर आधी त्यांच्याकडून मेलवर घ्या: नोटिशीचा पगार किती, शिल्लक रजेचे किती, त्याखेरीज काय देणार आणि कुठल्या तारखेला. मग तुमच्या मेलमध्ये 'आपल्या अमुक तारखेच्या मेलमधील अटींनुसार' एवढे शब्द घाला. तोंडी कबुलीला हिशेबाच्या दिवशी कोणी ओळख देत नाही.

ग्रॅच्युइटी मात्र राजीनामा दिला तरी मिळतेच, पाच वर्षं कधीच झालीत. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची १५ वर्षं. ३२,००० × १५ ÷ २६ × १५ = २,७६,९२३ रुपये. इथे एक गोष्ट तपासा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू आहेत. त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले की वरचा भाग वेतनात मिळवायचा असतो. तुमचं बेसिक निम्म्याच्या खाली आहे. ढोबळ ३६,००० धरले तर हाच आकडा ३,११,५३८ होतो. एचआरला वेतन कसं धरलं ते लेखी विचारा. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे, बाकीच्या वेतनाला संहितेप्रमाणे दोन कामाचे दिवस.

पीएफमध्ये लोक अडकतात ते 'डेट ऑफ एक्झिट'पाशी. कंपनीने ती भरली नाही की पुढच्या नोकरीत ट्रान्सफर रखडतो. दोन महिने थांबून यूएएन पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मधून आधार ओटीपीने ती स्वतः भरता येते. तारीख रिलिव्हिंग लेटरशी तंतोतंत जुळवा. पेन्शनचा भाग दहा वर्षांवर सेवा झाल्यामुळे रोखीने काढता येणार नाही. पुढे ट्रान्सफर करा, नाहीतर फॉर्म १०सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या.

आणि कंपनीचा मेल बंद व्हायच्या आत पगारपावत्या, फॉर्म १६, अप्रेझलची पत्रं उतरवून घ्या. फक्त स्वतःची कागदपत्रं. ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा पीपॅपची फाइल पेनड्राइव्हवर आली तर देणी अडकवायला कंपनीला आयतं कारण मिळेल.

हिशेबनीस

कर्जात एक रुपयाही भरू नका. तुमचा महिना ५२,००० चा, सहा महिने म्हणजे ३,१२,०००. ग्रॅच्युइटी जवळजवळ तेवढीच आहे. ती कर्जात गेली तर हप्ता तसाच राहतो आणि हातात रोकड उरत नाही, मग वैयक्तिक कर्ज काढायची वेळ येते, जवळपास दुप्पट व्याजाने. फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, नोकरी लागल्यावर खुशाल भरा. सध्या ही रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर महिन्याला ५२,००० च घरखर्चाच्या खात्यात वळवा.

हप्ता चुकणार असं दिसलं तर चुकायच्या आधी शाखेत लेखी अर्ज द्या, मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा. ९० दिवस थकलं की खातं एनपीए होतं, मग शाखेच्या हातात फारसं काही उरत नाही. पीएफलाही हात लावू नका. काम सुटलं तरी ५८ पर्यंत त्यावर व्याज मिळतं. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो, तेवढं विवरणपत्रात दाखवा.

आईंच्या विम्याचं मात्र याच आठवड्यात बघा. गट विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. त्याआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराचा अर्ज दिला तर आजवर भोगलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो. खंड पडला की मधुमेहासाठी तो नव्याने सुरू होतो, तीन वर्षांपर्यंत. प्रस्तावात मधुमेह लपवू नका, नेमक्या त्याच कारणाने दावे नाकारले जातात. वैयक्तिक आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही, एजंटाने जुना हिशेब दिला तर दाखवून द्या.

मायक्रॉन

डेटा सायन्सबद्दल माझं मत ठाम आहे: नको. ४१ व्या वर्षी तिथे तुम्ही फ्रेशर, आणि समोर चाळीस-चाळीस अर्ज बावीस-तेवीसच्या मुलांचे. इथे मात्र तुमच्याकडे ग्राहकाच्या ऑडिटरसमोर उभं राहायची सवय आहे. ती कोर्समध्ये मिळत नाही. हात बसलाय त्याच्या शेजारचं काम शोधा.

शेजारचं म्हणजे काय? इंजिन, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट यांना धोका आहे. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीट, वायरिंग हार्नेस गाडी कुठलीही असली तरी लागतात. मोटर आणि इन्व्हर्टरची अॅल्युमिनियम हाउसिंग्ज प्रेशर डाय कास्टिंगची असतात. तिथे पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं) आणि लीक टेस्ट हीच रोजची डोकेदुखी, आणि इंजिनाचे कास्टिंग भाग हाताळलेल्या माणसाला ती नवी नाही. वाहनउद्योगाबाहेर जायचं तर मेडिकल डिव्हाइसला आयएसओ १३४८५, एरोस्पेसला एएस ९१००, कॅलिब्रेशन लॅबला १७०२५ ही मानकं. पाया तोच, फरक नोंदी किती वर्षं जपायच्या आणि बदलाला कोणाची मंजुरी, यात. रांजणगावच्या घरगुती उपकरणांच्या कारखान्यांनाही सप्लायर क्वालिटीची माणसं लागतात. चाकण, तळेगावपुरतं बघू नका, शिरवळही धरा.

आता अभ्यास. बरेच अनुभवी लोक मुलाखतीत पडतात ते जुन्या आवृत्तीमुळे. एफएमईएत आरपीएन (तीव्रता, वारंवारिता आणि शोध यांच्या गुणांचा गुणाकार) सांगत बसू नका. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहनउद्योग संघटना) पुस्तिकेत सात पायऱ्या आहेत आणि आरपीएनच्या जागी अॅक्शन प्रायॉरिटी (आधी कशावर काम करायचं याची श्रेणी) आली आहे. फरक असा समजावून सांगता आला पाहिजे: एका दोषाची तीव्रता ९, वारंवारिता २, शोध (दोष हाती लागणं किती कठीण) ७, गुणाकार १२६. दुसऱ्याचे ५, ६, ५, गुणाकार १५०. आरपीएन दुसऱ्याला पुढे काढतो. अॅक्शन प्रायॉरिटीत पहिला 'हाय' आणि दुसरा 'मीडियम', कारण तिथे तीव्रता आधी बघतात, आणि ९-१० म्हणजे कायद्याचा किंवा सुरक्षिततेचा प्रश्न. २०२४ मध्ये एपीक्यूपीची (नव्या भागाच्या क्वालिटीची आगाऊ आखणी) तिसरी आवृत्ती आली आणि कंट्रोल प्लॅनची (काय, कधी, कसं तपासायचं याचा तक्ता) वेगळी पुस्तिका निघाली, तेही वाचा.

एमएसएमध्ये (मोजमापावर कितपत भरवसा ठेवायचा याची तपासणी) जीआरआर, म्हणजे मोजण्यातल्याच फरकाचा वाटा, '१० टक्क्यांखाली चांगला, ३० च्या वर नापास' सगळे सांगतात. पुढचा प्रश्न येतो, टॉलरन्सच्या तुलनेत जीआरआर ठीक असून एनडीसी (मापाला वेगळे ओळखता येतात असे गट) पाचाच्या खाली का? बहुतेक वेळा कारण एकच: दहा नमुने एकाच ट्रेमधून, एकाच तासाचे उचललेले असतात. प्रक्रियेत जेवढा फरक असतो तेवढा नमुन्यांत उतरलेलाच नसतो. नमुने वेगवेगळ्या शिफ्टचे, साच्याच्या वेगवेगळ्या कॅव्हिटीचे घ्यायला हवेत. हे उत्तर देणारा उमेदवार शॉपफ्लोअरवर उभा राहिलाय हे समोरच्याला लगेच कळतं.

जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-स्थानाच्या मर्यादांची खुणांची भाषा) कागदावर सोडवून दाखवायला लावतात. भोक १०.०० ते १०.२० मिमी, पोझिशन ०.१५ एमएमसीवर (भोक सर्वांत लहान, म्हणजे १०.०० असताना). मोजमापात एक्स दिशेला ०.०६ आणि वाय दिशेला ०.०८ सरकलंय, भोक १०.०८ निघालंय. पास की नापास? सरक ०.१०, पोझिशन त्याच्या दुप्पट ०.२०. भोक एमएमसीपेक्षा ०.०८ मोठं, म्हणून बोनस ०.०८, परवानगी ०.२३. पास. घाईत ०.२० आणि ०.१५ ची तुलना करून नापास म्हणणारे खूप असतात. हातात वेळ आहे तर रोज अशी दोन गणितं करा.

पैसे खर्च करायचेच असतील तर सीएमएम प्रोग्रॅमिंगवर करा. पीसी-डीएमआयएस किंवा कॅलिप्सो ही सीएमएमची सॉफ्टवेअर, यांपैकी ज्या कंपन्यांत अर्ज करताय तिथे जे असेल ते. वर्ग निवडताना एकच विचारा: मशीनवर हाताने किती तास मिळतील? नुसत्या स्लाइड दाखवणाऱ्याकडे जाऊ नका. ३-२-१ अलाइनमेंट (तीन, दोन, एक बिंदू घेऊन भागाची दिशा पक्की करणं) स्वतः करून, डेटम (मोजमापाचा आधार) बदलला की रिपोर्ट कसा बदलतो ते पाहिल्याखेरीज उपयोग नाही. कोअर टूल्ससाठी (एपीक्यूपी, पीपॅप, एफएमईए, एमएसए वगैरे) मराठा चेंबरचे छोटे वर्ग असतात, तेवढे पुरतात.

रेझ्युमेवर 'क्वालिटीची जबाबदारी सांभाळली' अशी एकही ओळ नको. भाग, दोष, आधी, नंतर, केलेला बदल, या क्रमाने लिहा. उदाहरणार्थ: 'ब्लोहोलमुळे मशिनिंगनंतर रिजेक्शन ३.८ वरून १.१ टक्का, गेटची जागा बदलली, लीक टेस्ट मशिनिंगच्या आधी आणली.' अशा पाच ओळी दोन पानांवर भारी पडतात. ग्राहकाचं नाव आणि भाग क्रमांक लिहू नका.

भोसरी एस ब्लॉक

नोकरी शोधताना हाताला काम हवं असेल तर भोसरीतल्या लहान वर्कशॉप्सकडे बघा. ग्राहकाचं ऑडिट तोंडावर आलं की त्यांना आठवड्याचे दोन दिवस येऊन कंट्रोल प्लॅन, एमएसए, ८डी (तक्रार सोडवायची आठ पायऱ्यांची पद्धत) नीट लावून देणारा माणूस लागतो. सल्ला देतो असं सांगू नका. 'अमुक भागाची पीपॅप लेव्हल ३ ची फाइल तयार करून मंजूर होईपर्यंत सोबत राहतो' असं ठरावीक काम ठरवा आणि पैसे तीन टप्प्यांत घ्या: सुरुवातीला, फाइल सादर केल्यावर, मंजुरीनंतर. मंजुरी ग्राहकाच्या हातात असते, म्हणून शेवटचा टप्पा लहान ठेवा.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट आहे, पैसे मागणारी साइट बंद करा. ती केली की सूक्ष्म उद्योग म्हणून तुमचं बिल ४५ दिवसांत देणं खरेदीदारावर बंधनकारक होतं. वर्षाला २० लाखांखाली सेवेला जीएसटी नोंदणी लागत नाही. जुन्या कंपनीने 'दोन वर्षं स्पर्धकाकडे जाणार नाही' असं लिहून घेतलं असेल तर करार कायदा १८७२ च्या कलम २७ प्रमाणे नोकरी सुटल्यानंतर असं बंधन टिकत नाही. गोपनीयता मात्र पाळावीच लागते.

मोशीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. मेल थांबवलाय, विम्याचा अर्ज मागवलाय. अजून दोन विचारतो. अर्ज कुठून सुरू करू? पोर्टलवर टाकलेल्याला उत्तरच येत नाही म्हणतात. आणि मुलाखतीत नोकरी का गेली विचारलं तर?

मायक्रॉन

ज्यांनी तुमचं काम डोळ्यांनी पाहिलंय त्यांच्यापासून. ग्राहकाचे एसक्यूए (सप्लायरची क्वालिटी बघणारे), तुम्ही ऑडिट केलेले सप्लायर, सीएमएम आणि गेज विकणारे अॅप्लिकेशन इंजिनिअर. हे शेवटचे रोज चार कारखान्यांत जातात, जागा निघायच्या आधी त्यांना माहीत असतं. सरसकट 'काही असेल तर कळवा' टाकू नका, प्रत्येकाला वेगळं लिहा: कुठलं काम, कुठला भाग, कधीपासून. पोर्टलवर 'लगेच रुजू' ठळक लिहा. साठ-नव्वद दिवसांच्या नोटिशीची माणसं घेऊन कंटाळलेला प्लांट हेड त्याला किंमत देतो.

पगारपत्रक

कारण दोन वाक्यांत सांगा: ग्राहकाने इंजिन बंद केलं, लाइन बंद झाली, विभाग कमी केला. जुन्या कंपनीबद्दल कडू बोलू नका आणि तारखा ताणू नका. पडताळणीत पीएफची सेवा-नोंद मागतात, महिना इकडचा तिकडे केलेला तिथे दिसतो. 'नोंदणी फी' किंवा 'गेटपासचे पैसे' मागणारा प्लेसमेंटवाला भेटला तर पैसे देऊ नका. दिले गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करा.

पगार कमी मिळाला तर किती कमी चालेल हे आकडा समोर आल्यावर ठरवू नका, आजच लिहून ठेवा. सीटीसीत मालकाचा पीएफ आणि बेसिकच्या ४.८१ टक्के ग्रॅच्युइटी मिळवलेली असते. ती ग्रॅच्युइटी हातात येत नाही, आणि नव्या ठिकाणी तिची वर्षं शून्यापासून सुरू होतात. रांजणगाव असेल तर कंपनीची बस मोशीवरून आहे का तेही विचारा, नसेल तर पेट्रोलच महिन्याच्या वाढीएवढं जाईल. ऑफर आली की कंपनीचं नाव झाकून तक्ता इथे टाका, हातात किती पडतं ते काढून देते.